अँबॉय क्रेटर : मोहावे वाळवंटातला मृत ज्वालामुखी आणि त्याच्या संरक्षणाचा प्रश्न

धागालेखक : मरुवाट

कॅलिफोर्नियाच्या आग्नेय भागात, मोहावे वाळवंटात, जुन्या रूट ६६ महामार्गावर अँबॉय नावाची जवळजवळ ओस पडलेली वस्ती आहे. तिथून पश्चिमेकडे निघाले की थोड्याच अंतरावर लाव्ह्याच्या काळ्या मैदानात एक शंकू उभा दिसतो. पायथ्यापासून त्याची उंची साधारण ७६ मीटर आणि पायथ्याचा व्यास सुमारे ४६० मीटर आहे. डोंगर म्हणून पाहिले तर ही उंची नगण्यच म्हणावी लागेल. तरीही १९७३ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने या शंकूला ‘नॅशनल नॅचरल लँडमार्क’ हा दर्जा दिला, आणि माझ्या मते तो पूर्णपणे योग्य होता. मात्र या दर्जाने शंकूचे प्रत्यक्षात कितपत रक्षण होते, याविषयी बराच गैरसमज आढळतो. त्यावर सविस्तर चर्चा व्हावी, यासाठी हा धागा काढत आहे.

आधी हा शंकू कसा तयार झाला ते सांगतो, कारण त्याच्या रक्षणातली मुख्य अडचण त्याच्या जडणघडणीतच आहे. पातळ बेसाल्टी लाव्हा भूपृष्ठाजवळ आला की त्यात विरघळलेले वायू एकदम मोकळे होतात आणि लाव्ह्याचे तुकडे कारंज्यासारखे वर फेकले जातात. हवेत असतानाच ते थिजतात, आतले वायूचे बुडबुडे तसेच राहतात, आणि खाली पडते ती हलकी, सच्छिद्र, काळी-तांबूस खडी. तिला स्कोरिया म्हणतात. ही खडी मुखाभोवती साचत जाते. सैल खडीचा ढीग ज्या उतारावर स्थिरावतो, तो उतार साधारण ३० ते ३५ अंशांचा असतो, आणि म्हणूनच जगातले असे बहुतेक शंकू एकमेकांसारखे दिसतात. अशा शंकूला घट्ट धरून ठेवणारे आत फारसे काही नसते. खडीचा तोल हाच त्याचा आधार असतो.

अँबॉयच्या शंकूची रचना याहून थोडी गुंतागुंतीची आहे. तिथे एकात एक बसलेल्या किमान चार शंकूंचे अवशेष ओळखता येतात, म्हणजे उद्रेक थांबत-थांबत, टप्प्याटप्प्याने झाला असावा. पश्चिमेच्या बाजूला विवराची भिंत फुटलेली आहे आणि तिथून लाव्हा बाहेर वाहून गेला. विवराच्या आत लाव्ह्याचे दोन छोटे बांध आहेत. त्यांच्यामागे कधी काळी लाव्ह्याची तळी साचली होती. आज तिथे वाऱ्याने आणलेल्या बारीक मातीचे सपाट तळ दिसतात. बाहेर पसरलेल्या लाव्ह्याच्या मैदानाचे क्षेत्र सुमारे ७० चौरस किलोमीटर आहे, आणि त्यात खचलेले खड्डे, फुगून तडकलेले उंचवटे, दोरखंडाच्या पिळांसारखा दिसणारा पाहोइहोइ प्रकारचा लाव्हा असे सगळे पायी चालताना पाहता येते. भूशास्त्राच्या पुस्तकातली निम्मी प्रकरणे एका सकाळीत डोळ्यांसमोर उलगडावीत, अशा जागा पृथ्वीवर फार नाहीत.

आता संरक्षणाविषयी. लँडमार्कची ही योजना १९६२ साली सुरू झाली आणि आजवर देशभरातल्या सुमारे ६०० स्थळांना तो दर्जा मिळाला आहे. परंतु हा दर्जा मूलतः एक मान्यता आहे. जमिनीची मालकी त्याने बदलत नाही, खाजगी मालकावर त्यामुळे कोणतेही नवे बंधन येत नाही, आणि दर्जा मिळाला एवढ्यावरून खाणकाम आपोआप थांबत नाही. अँबॉयची जमीन केंद्र सरकारची असून तिची व्यवस्था ‘ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट’कडे आहे. खरे कायदेशीर कवच आले ते १२ फेब्रुवारी २०१६ रोजी. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी १९०६ च्या अँटिक्विटीज कायद्याखाली ‘मोहावे ट्रेल्स नॅशनल मॉन्युमेंट’ हे राष्ट्रीय स्मारक घोषित केले. सुमारे १६ लाख एकरांच्या या क्षेत्रात अँबॉयचा शंकू येतो, आणि तिथे पूर्वीचे वैध हक्क वगळता खनिजांसाठी नवे दावे करता येत नाहीत.

संरक्षण नसते तर काय झाले असते, हे पाहायला दूर जावे लागत नाही. याच वाळवंटात, अँबॉयच्या पश्चिमेला, लडलो या वस्तीच्या पलीकडे पिस्गा नावाचा दुसरा शंकू आहे. तो वयाने लहान आणि मुळात अँबॉयपेक्षा मोठा. त्याची जमीन खाजगी आणि व्यवसाय खाणीचा. वर्षानुवर्षे खडी काढल्यामुळे त्याचा माथा कापला गेला, उतारांवर रस्ते आणि टप्पे पडले, आणि मूळ आकार कायमचा गेला. दोन शंकू, एकच वाळवंट, एकाच प्रकारचा दगड. फरक पडला तो जमीन कोणाच्या हातात होती यामुळे. म्हणून माझे म्हणणे असे की एखाद्या शंकूला सन्मानाचा फलक मिळाला की आपण निश्चिंत होतो, ते चुकीचे आहे. जमिनीची मालकी कोणाची आणि तिथे खाणकामाला परवानगी आहे की नाही, हे दोन प्रश्न आधी विचारले पाहिजेत.

जाणकारांनी भर घालावी, ही विनंती.

---

प्रतिसाद : भूगोलप्रेमी

उत्तम धागा. एक मूलभूत शंका आहे. आपण शीर्षकात ‘मृत’ असे म्हटले आहे. हा ज्वालामुखी मृत आहे आणि सुप्त नाही, हे कशावरून ठरवले जाते? काही हजार वर्षे शांत राहून पुन्हा जागे झालेले ज्वालामुखी आपण ऐकलेले आहेत.

---

प्रतिसाद : मरुवाट

@भूगोलप्रेमी, प्रश्न रास्त आहे. आपण म्हणता ते बहुधा मोठ्या, थरांच्या ज्वालामुखींविषयी आहे. त्यांच्या खाली मॅग्माचा, म्हणजे भूगर्भातल्या वितळलेल्या खडकाचा, दीर्घकाळ टिकणारा साठा असतो आणि तोच मार्ग पुन्हा पुन्हा वापरला जातो. स्कोरियाचे शंकू बहुतेक वेळा एकदाच जन्मतात. मॅग्माची एक लहान खेप वर येते, उद्रेक काही आठवडे ते काही वर्षे चालतो, आणि नळीतला उरलेला लाव्हा थिजून मार्ग बंद होतो. मेक्सिकोतील पारिकुतिनचा उद्रेक २० फेब्रुवारी १९४३ रोजी एका शेतात सुरू झाला, पहिल्याच वर्षात शंकू ३०० मीटरहून उंच झाला, आणि १९५२ मध्ये सगळे शांत झाले. त्या शंकूतून पुन्हा उद्रेक होईल, अशी अपेक्षा कोणी करत नाही.

मात्र शंकू मृत असणे आणि संपूर्ण ज्वालामुखी क्षेत्र मृत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढची खेप आली तर ती काही किलोमीटरवर नवा मार्ग शोधते आणि तिथे नवा शंकू उभा राहतो. न्यू मेक्सिकोतील कॅप्युलिन या शंकूबाबत हीच भूमिका घेतली जाते. शंकू मृत मानतात, पण ज्या रॅटन-क्लेटन क्षेत्रात तो आहे, ते क्षेत्र संपले असे समजत नाहीत.

---

प्रतिसाद : खडकवाचक

वयाचा मुद्दा राहिला आहे आणि तो महत्त्वाचा आहे. अँबॉयचे वय सुमारे ६,००० वर्षे, असे अनेक जुन्या माहितीपत्रकांत आणि प्रवासवर्णनांत आढळते. लाव्हा इतका ताजा आणि काळाभोर दिसतो की पाहणाऱ्याला ते पटतेही. परंतु क्लोरीन-३६ या समस्थानिकाच्या मोजमापावरून, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हे वय सुमारे ७९,००० वर्षे निघाले. त्याच पद्धतीने पिस्गाचे वय २२ ते २३ हजार वर्षे आले.

पद्धतीचे तत्त्व सोपे आहे. अवकाशातून येणारे किरण उघड्या खडकावर सतत आदळत असतात आणि त्यातल्या कॅल्शियम, पोटॅशियमसारख्या मूलद्रव्यांपासून अत्यल्प प्रमाणात क्लोरीन-३६ तयार करतात. लाव्हा वाहून थिजला त्या दिवसापासून ही नोंद सुरू होते. तिचे प्रमाण मोजले की खडक किती काळ उघड्यावर आहे, ते काढता येते. यासाठी एक अट मात्र काटेकोर आहे. खडकाचा पृष्ठभाग मूळचाच हवा. वरचा थर खरवडला गेला असेल, दगड उलटापालटा केला असेल किंवा त्यावर दीर्घकाळ वाळूचे जाड आवरण असेल, तर हिशेब बिघडतो.

संरक्षणाचा खरा शास्त्रीय अर्थ मला इथे दिसतो. शंकूचा आकार नेत्रसुखद आहे हे खरेच, पण त्याचा न हललेला पृष्ठभाग हा अभिलेख आहे. तो एकदा यंत्राने ढवळला की पुढे कितीही अचूक उपकरण आले, तरी वाचायला काही उरत नाही.

याच वाळवंटात, अँबॉयच्या उत्तरेला, सीमा (Cima) नावाचे ज्वालामुखी क्षेत्र आहे. तिथे सुमारे ४० शंकू असून त्यांची वये लाखो वर्षांपासून काही हजार वर्षांपर्यंत पसरलेली आहेत. तिथल्या शंकूंच्या भागालाही १९७३ सालीच लँडमार्कचा दर्जा मिळाला. नव्या शंकूचे उतार सरळ आणि तीव्र, मध्यम वयाच्या शंकूवर ओघळी, जुन्याचा माथा बोथट आणि पायथ्याशी पंख्यासारखे पसरलेले गाळाचे थर, असा क्रम तिथे ओळीने दिसतो. कोरड्या हवामानात सैल खडीचा डोंगर किती वेगाने झिजतो, हे अशा शंकूंची तुलना करूनच समजते. तिथेही एका शंकूवर खडीची खाण होती. खाणीने कापलेला शंकू या क्रमातून बाद होतो, इतकी ही गोष्ट साधी आहे.

---

प्रतिसाद : व्यवहारवादी

चर्चा वाचत आहे आणि संरक्षणाला माझा विरोध नाही. तरीही पिस्गाच्या बाबतीत धागालेखकांचा सूर मला एकांगी वाटला. हलकी, सच्छिद्र खडी ही उपयुक्त वस्तू आहे. तिच्यापासून वजनाने कमी असलेले काँक्रीट बनते, रस्त्यांच्या आणि रेल्वेमार्गांच्या भरावासाठी ती वापरतात, पाण्याचा निचरा उत्तम होतो म्हणून बागकामातही तिला मागणी असते. शंकूतली खडी सुटी असल्यामुळे सुरुंग लावण्याची गरज फारशी पडत नाही. अमेरिकेच्या पश्चिम भागात असे शंकू शेकडोंनी आहेत. सगळेच जतन करायचे म्हटले, तर ती खडी दुसरीकडून, बहुधा घट्ट खडक फोडून आणि अधिक इंधन जाळून आणावी लागेल. काही शंकू राखावेत आणि काही वापरावेत, यात गैर काय?

---

प्रतिसाद : मरुवाट

@व्यवहारवादी, ‘काही राखावेत आणि काही वापरावेत’ हे तत्त्व मला मान्य आहे. माझा आक्षेप निवड कशी होते याला आहे. कोणता शंकू वापरायचा, हे शास्त्रीय मूल्य पाहून ठरले असते तर पिस्गाचा क्रमांक फार उशिरा लागला असता. तो दक्षिण कॅलिफोर्नियातल्या सर्वांत तरुण शंकूंपैकी एक आहे. त्याच्याभोवतीच्या लाव्ह्यात नळ्यांसारख्या गुहा आहेत आणि लाव्ह्याचे अनेक प्रकार लहानशा अंतरात पाहायला मिळतात. मोठा रस्ता आणि रेल्वेमार्ग मात्र त्याच्या अगदी जवळून जातात. खडीच्या धंद्यात वाहतुकीचा खर्च हा मोठा भाग असल्यामुळे रस्त्यालगतचा शंकू आधी कापला जातो. जो सहज पोहोचण्याजोगा, तोच विद्यार्थ्यांनाही सहज पाहता येण्याजोगा, आणि म्हणून तोच जतन करण्याची निकड जास्त. बाजारावर सोपवले तर नेमके उलटे घडते, एवढेच मला सांगायचे होते.

शिवाय खडीला पर्याय असतो. डांबराखाली दुसऱ्या खाणीचा दगड चालतो. कापलेला शंकू मात्र ढीग लावून पुन्हा उभा करता येत नाही. त्याच आकाराचा ढीग कदाचित होईल, पण त्यातले थर, उद्रेकात फेकल्या गेलेल्या मोठ्या लाव्हागोळ्यांच्या (‘बॉम्ब’) जागा, मुखाजवळ वितळून चिकटलेले थर, हे सारे उद्रेकाच्या क्रमाने पडलेले असते.

---

प्रतिसाद : आकाशनिरीक्षक

या शंकूचा मंगळाशी असलेला संबंध कोणी मांडला नाही, म्हणून लिहितो. १९७१-७२ मध्ये मरिनर ९ यानाने मंगळाची छायाचित्रे पाठवली. त्यांत अनेक विवरांच्या मागे, वाऱ्याच्या दिशेने लांबलेले फिकट आणि गडद पट्टे दिसले. ते कसे बनतात, हे समजण्यासाठी पृथ्वीवर तसा नमुना हवा होता. तो अँबॉयला मिळाला. इथे वारा प्रामुख्याने वायव्येकडून वाहतो आणि लाव्ह्याच्या मैदानावर फिकट वाळू पसरवतो. परंतु शंकूच्या पाठीमागे, म्हणजे आग्नेयेकडे, एक गडद पट्टा वाळूविना राहतो. शंकूला वळसा घालून जाताना वाऱ्यात भोवरे निर्माण होतात आणि ते तेवढा भाग सतत झाडून काढतात. ग्रीली आणि आयव्हर्सन या संशोधकांनी १९७० च्या दशकात इथे प्रत्यक्ष मोजमापे केली आणि वाऱ्याच्या बोगद्यातले प्रयोग त्यांच्याशी ताडून पाहिले. अवकाशातून काढलेल्या छायाचित्रांत हा पट्टा आजही स्पष्ट दिसतो.

वरच्या चर्चेशी याचा थेट संबंध आहे. भोवरे कसे निर्माण होतात, हे शंकूच्या उंचीवर आणि उताराच्या आकारावर अवलंबून असते. माथा कापला की तो पट्टाही बदलेल. म्हणजे शंकूबरोबर त्याच्या वाऱ्याकडच्या आणि पाठीमागच्या मोकळ्या मैदानाचेही रक्षण आवश्यक आहे. फक्त शंकूभोवती कुंपण घालून हे साधणार नाही. या दृष्टीने २०१६ ची विस्तीर्ण सीमा मला विशेष मोलाची वाटते.

---

प्रतिसाद : पायवाट

खाणीविषयी बरेच बोलून झाले. आता पायांविषयी बोलू या, कारण खाणकाम थांबलेल्या शंकूला पुढचा धोका आपल्यासारख्या प्रेमाने येणाऱ्यांचाच असतो.

ॲरिझोनातील सनसेट क्रेटरचे उदाहरण फार बोलके आहे. हा शंकू इसवी सन १०८५ च्या सुमारास तयार झाला असे मानतात. १९२० च्या दशकाच्या अखेरीस एका चित्रपट कंपनीला हिमप्रपाताचे दृश्य चित्रित करण्यासाठी त्याच्या उतारावर सुरुंग उडवायचे होते. स्थानिक लोकांनी विरोध केला. म्युझियम ऑफ नॉर्दर्न ॲरिझोनाचे संस्थापक हॅरॉल्ड कोल्टन हे त्यात अग्रभागी होते. अखेर २६ मे १९३० रोजी राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी ते राष्ट्रीय स्मारक घोषित केले. कायद्याने शंकू वाचला. त्यानंतर लोक येऊ लागले आणि माथ्यावर चढू लागले. सैल खडीत प्रत्येक पावलागणिक थोडी खडी खाली सरकते, मागून येणारा त्याच खाचेत पाय टाकतो, आणि काही वर्षांत खाचेचा खोल चर होतो. १९७३ साली माथ्याकडे जाणारी वाट बंद करावी लागली, ती आजही बंद आहे. लोकांना चढण्यासाठी शेजारचा लेनॉक्स क्रेटर खुला ठेवला आहे. मला ही व्यवस्था सर्वांत शहाणपणाची वाटते.

कॅप्युलिनमध्ये वेगळा मार्ग निवडला गेला. १९१६ साली त्याला संरक्षण मिळाले आणि १९२० च्या दशकात शंकूला वळसा घालत थेट काठापर्यंत मोटाररस्ता बांधण्यात आला. त्यामुळे वृद्ध आणि अपंग व्यक्तींनाही विवराच्या काठावर उभे राहता येते, ही गोष्ट कमी महत्त्वाची नाही. पण उतारावर कायमची खाच पडली आणि तिथून होणारी झीज ही व्यवस्थापनाची कायमची डोकेदुखी झाली. आज कोणी नव्याने असा रस्ता सुचवला तर मी त्याला विरोधच करेन.

---

प्रतिसाद : भूगोलप्रेमी

@पायवाट, मग अँबॉयलाही माथा बंद करावा, असे आपले मत आहे का? आम्ही काही जण हिवाळ्यात तिथे जाण्याचा विचार करत आहोत, म्हणून विचारतो.

---

प्रतिसाद : पायवाट

नाही, आज तरी तसे मत नाही. अँबॉयला निसर्गानेच एक सोय करून ठेवली आहे. पश्चिमेकडे विवराची भिंत फुटलेली असल्यामुळे वाहनतळापासून येणारी वाट शंकूला वळसा घालून त्या खिंडारातून आत शिरते, आणि काठावर पोहोचण्यासाठी बाहेरचा तीव्र उतार चढण्याची गरजच पडत नाही. लोकांनी तेवढी एकच वाट वापरली, तर बाहेरचे उतार बऱ्याच अंशी मूळ स्थितीत राहू शकतात. अडचण येते ती समोरून सरळ चढण्याचा मोह आवरत नाही तेव्हा. शंकू लहान आहे, माथा जवळ दिसतो, आणि जुन्या थेट वाटांचे ओरखडे पाहून नव्या माणसाला ती वाटच आहे असे वाटते. असे ओरखडे पावसाने मिटतील, ही अपेक्षा ठेवू नये. तिथे पाऊसच इतका थोडा पडतो की पावलांच्या खुणा दीर्घकाळ टिकतात.

हिवाळ्याची आपली निवड योग्य आहे. ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ बरा. उन्हाळ्यात तापमान ३८ अंश सेल्सियसच्या पुष्कळ वर जाते, काळा लाव्हा उष्णता परत फेकतो, वाटेवर सावली नसते, आणि अशा दिवसांत तिथे चालणे जिवावर बेतू शकते. जाऊन-येऊन साधारण ५ किलोमीटर चाल आहे. पाणी सोबतच न्यावे लागते. लाव्ह्याच्या कडा धारदार असल्याने जाड तळव्यांचे बूट हवेत. खडकांच्या फटीत चकवाला नावाचा मोठा सरडा राहतो. तो घाबरला की फटीत शिरून अंग फुगवतो आणि तिथेच अडकून बसतो, त्याला ओढून काढण्याचा प्रयत्न कोणी करू नये. आणि स्कोरियाचे तुकडे आठवण म्हणून खिशात घालू नयेत.

---

प्रतिसाद : खडकवाचक

@पायवाट यांच्या शेवटच्या वाक्याला पूर्ण अनुमोदन. त्यात एक जोड देतो. विवराच्या आतल्या मातीच्या सपाट तळांवर लोक दगड मांडून नावे आणि आकृत्या बनवतात. ते निरुपद्रवी वाटते, पण ते दगड भोवतालच्या पृष्ठभागावरून उचललेले असतात. मी वर सांगितलेल्या वयमापनासाठी न हललेले दगड लागतात, आणि कोणता दगड हलवलेला आहे हे पुढच्या संशोधकाला ओळखता येईलच असे नाही.

---

प्रतिसाद : मरुवाट

सर्वांचे आभार. @आकाशनिरीक्षक यांच्या प्रतिसादामुळे सीमेचा मुद्दा अधिक स्पष्ट झाला, तेव्हा त्याविषयी एक गोष्ट नोंदवून ठेवतो. २०१७ साली तत्कालीन केंद्र सरकारने २७ राष्ट्रीय स्मारकांचा फेरआढावा घेतला आणि त्या यादीत मोहावे ट्रेल्सचे नाव होते. त्या वेळी त्याच्या सीमेत बदल झाला नाही. तथापि याच आढाव्यानंतर युटा राज्यातील बेअर्स इअर्स आणि ग्रँड स्टेअरकेस-एस्कलांटे या दोन स्मारकांचे क्षेत्र मोठ्या प्रमाणात कमी करण्यात आले आणि २०२१ साली ते पूर्ववत झाले. एका घोषणेने मिळालेले संरक्षण दुसऱ्या घोषणेने आक्रसू शकते, हे त्यातून दिसले. @व्यवहारवादी यांनी विचारलेला ‘कोणता शंकू राखायचा’ हा प्रश्न म्हणूनच संसदेच्या कायद्याने सुटावा, असे मला वाटते. वर उल्लेख झालेल्या सीमा (Cima) ज्वालामुखी क्षेत्रातील बहुसंख्य शंकू १९९४ च्या कॅलिफोर्निया डेझर्ट प्रोटेक्शन कायद्याने स्थापन झालेल्या मोहावे नॅशनल प्रिझर्व्हमध्ये आहेत, आणि तो कायदा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, केलेला असल्यामुळे त्यांची स्थिती अँबॉयपेक्षा भक्कम आहे. अँबॉयलाही तसेच कवच मिळावे, ही माझी मागणी आहे.